पाच बॅटऱ्या आणि हिरवी बडीशेप

शाळेच्या प्रयोगशाळेत नवी वस्तू दोन वाटांनी येते. पहिली वाट तीन कोटेशनांची. आधी अर्ज, मग तीन दुकानदारांची दरपत्रकं (त्यांतली दोन एकाच दुकानदाराने वेगवेगळ्या लेटरहेडवर दिलेली), मग शाळा समितीची बैठक, मग 'पुढच्या आर्थिक वर्षात बघू'. दुसरी वाट म्हणजे, "उद्या येताना घरून कोण काय आणतंय?" या वाटेने आलेल्या वस्तूला पावती लागत नाही, मंजुरी लागत नाही. फक्त संध्याकाळी कुणाच्या तरी आईचा फोन येतो.

आमच्या शाळेत जेल इलेक्ट्रोफोरेसिस आलं ते अर्थातच दुसऱ्या वाटेने.

मी मराठी शिकवतो, परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. प्रयोगशाळेशी माझा संबंध चहापुरता. कुठल्याही शाळेत शिक्षकखोलीपेक्षा प्रयोगशाळेतला चहा बरा असतो, कारण तिथे बर्नर असतो आणि मुख्याध्यापक नसतात. आमच्याकडे एका बीकरवर 'फक्त चहा' असं ठळक लिहून चिकटवलंय. अख्ख्या प्रयोगशाळेत लेबल शाबूत असलेलं ते एकमेव भांडं. तेव्हा पुढचं सगळं मी स्टुलावर बसून, कप हातात धरून पाहिलेलं आहे. शास्त्रीय भागाची जबाबदारी विज्ञानाच्या सरांची.

सुरुवात दहावीच्या जैवतंत्रज्ञानाच्या पाठाने झाली. त्यात डीएनए फिंगरप्रिंटिंग आहे. सरांनी फळ्यावर चार उभे रकाने आखले, त्यांत खडूने आडव्या रेघोट्या मारल्या आणि या रेघांवरून गुन्हेगार ओळखतात म्हणून सांगितलं. वर्गाला हे माहीत होतंच. 'सीआयडी'तले डॉक्टर साळुंखे हेच करतात, आणि दया दार तोडून परत येईपर्यंत त्यांचा रिपोर्ट तयार असतो. पण दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, पण या रेघा येतात कुठून?"

अशा प्रश्नाला आपल्याकडे एक पिढीजात उत्तर आहे: "हे परीक्षेला नाही." सरांनी ते दिलं नाही, कारण त्यांचं स्वतःचं एक जुनं दुखणं होतं. बी.एस्सी.ला असताना कॉलेजातली जेलची टाकी त्यांनी चाळिसेक पोरांच्या मागून टाचा उंचावून पाहिली होती, आणि त्यांना दिसली होती ती डेमॉन्स्ट्रेटरच्या शर्टाची पाठ. म्हणाले, "करून बघू."

कॅटलॉग मागवला. जेलची टाकी, पॉवर पॅक, मायक्रोपिपेट, अ‍ॅगारोजची बाटली. बेरीज पाच आकड्यांत गेली. आमच्या वर्षाच्या तरतुदीत त्या टाकीचं झाकण आलं असतं, तेही बहुधा बिजागरीशिवाय. सरांनी कॅटलॉग मिटला आणि वर्गाला विचारलं, "दिवाळीतल्या सोनपापडीचे डबे कुणाकुणाकडे आहेत?" सगळे हात वर.

तत्त्व तसं साधं आहे. पातळ, पाणीदार जेलीची एक वडी थापायची. एका कडेजवळ तिला बारीक खाचा ठेवायच्या. वडी क्षाराच्या पाण्यात बुडवायची, खाचांत नमुना भरायचा आणि दोन टोकांना वीज द्यायची. ऋण प्रभार असलेले रेणू धनाग्राकडे निघतात आणि जेलीच्या जाळीतून वाट काढत पुढे सरकतात. सगळ्यांना सारखी वाट मिळत नाही, म्हणून थोड्या वेळाने त्यांची फारकत होते आणि ज्याची त्याची रेघ दिसू लागते. डीएनए ऋण प्रभाराचा. आपल्या खाण्यातले बहुतेक कृत्रिम रंगही ऋण प्रभाराचेच. डीएनए डोळ्यांना दिसत नाही, रंग दिसतात. म्हणून आधी रंग, मग डीएनए, असं ठरलं.

टाकी झाली सोनपापडीच्या डब्याची. वडी थापायला साबणाची प्लास्टिकची डबी, तिच्या दोन्ही आखूड बाजू करवतीने कापून. ओतताना त्या बाजूंना चिकटपट्टी लावायची, जेली गोठली की काढून टाकायची. हे सगळं मुलांनी एका दुपारी केलं. अडलं ते अग्रांपाशी. खऱ्या टाकीत प्लॅटिनमची तार असते. हे ऐकून आमच्या क्लार्कनी पंखा वाढवला. एकाने स्टेनलेस स्टीलची तार आणली, पण सर नको म्हणाले. धनाग्राला स्टील झिजतं आणि त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरतं, ते पोरांच्या हाताला लागायला नको.

इथे मामांचा प्रवेश झाला. मामा म्हणजे आमचे शिपाई. घंटा, किल्ल्या आणि शाळेची खरी सत्ता त्यांच्या हातात. टॉर्चचे संपलेले जुने सेल ते कधी टाकत नाहीत, 'कामाला येतात' म्हणून डब्यात ठेवतात. कोणत्या कामाला, ते त्यांनाही माहीत नव्हतं. यंदा काम निघालं. पकडीने वरची टोपी उचकटली, काळी भुकटी कागदावर झटकली आणि आतून कार्बनची कांडी सरळ बाहेर काढली, करंगळीएवढी, एका टोकाला पितळेची टोपी. माझ्या पिढीने या कांडीने भिंतीवर क्रिकेटचे स्टंप काढलेत. ती विजेचं अग्र म्हणून इतकी उत्तम चालते हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर निदान थोडे तरी विज्ञानाला गेलो असतो.

मग वीज. वायरमनचं काम करणाऱ्या एका पालकांनी निरोप पाठवला की, कशाला खर्च करता, डायरेक्ट लाइनवरून देतो. सरांनी हात जोडले. पहिलं कारण, खाऱ्या पाण्याचा उघडा डबा, त्याभोवती पस्तीस पोरं आणि २३० व्होल्ट. एवढं कारण पुरे होतं. पण सरांनी दुसरंही सांगितलं. घरातली वीज सेकंदाला पन्नासदा पुढे-मागे होते, त्यामुळे रेणू तेवढाच पुढे जाईल आणि तेवढाच मागे येईल. हालचाल भरपूर, प्रगती शून्य. हे ऐकून शिक्षकखोलीत दोघांनी संस्थेच्या कार्यालयाकडे पाहिलं.

म्हणून ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटऱ्या. या बॅटरीची एक सोय आहे, जी बनवणाऱ्याने बहुधा ठरवून केलेली नाही. तिच्या डोक्यावर दोन बटणं असतात, एक लहान, एक मोठं फुलासारखं उमललेलं. एकीचं लहान बटण दुसरीच्या मोठ्यात टचकन बसतं. तारा नको, जोडकाम नको. अशा पाच बॅटऱ्या एकमेकींत अडकवल्या की ४५ व्होल्ट. शिवाय भारनियमनाची भानगड नाही. आमच्या गावात हा मुद्दा एकटाच प्रयोग मंजूर व्हायला पुरेसा होता.

आणि अ‍ॅगारोज? अ‍ॅगारोज निघतं अ‍ॅगारमधून, अ‍ॅगार निघतं समुद्रातल्या लाल शेवाळापासून. आपल्याकडे रामेश्वरमच्या बाजूला ते गोळा करतात. आणि अ‍ॅगार म्हणजे किराणा दुकानातलं चायना ग्रास, ज्याचा उल्लेख महिला मासिकांतल्या पुडिंगच्या कृतींत असतो आणि जे दुकानदाराकडे नेमकं त्याच दिवशी संपलेलं असतं. आमच्या दुकानदाराकडे एक पाकीट निघालं. "पुडिंग करताय का सर?" त्याने विचारलं. सर म्हणाले, "इलेक्ट्रोफोरेसिस." दुकानदार म्हणाला, "मग व्हॅनिला देऊ का?"

शंभर मिलिलिटर पाण्याला एक ग्रॅमच्या वर जरासं, एवढंच लागतं. वजन सोनाराकडच्या काट्यावर करून घेतलं. बाजूच्या बाई मंगळसूत्राच्या वाट्या मोडायला आल्या होत्या, त्यांनी हे गवत किती कॅरेटचं असं विचारल्याचं सर सांगतात. पाण्यात मीठ नाही घालायचं, कारण मिठाच्या पाण्यातून वीज भसाभस वाहते, पाणी तापतं आणि धनाग्राला क्लोरीनचा वास सुटतो. त्याऐवजी खाण्याचा सोडा, तोही चिमूटभर. बर्नरवर हे रटरटायला लागलं, तेव्हा मामा दारात आले. त्यांनी वास घेतला, समुद्राचा. मग विचारलं, "काय शिजवायलेत सर? अन् साखर?"

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण मामांचा प्रश्न वाटतो तितका गावंढळ नाही. अ‍ॅगार प्रयोगशाळेत शिरलं तेच मुळी स्वयंपाकघरातून. १८८१ साली रॉबर्ट कॉख यांच्याकडे काम करणारे वॉल्टर हेसे जिवाणू वाढवायला जिलेटिन वापरत. उन्हाळा आला की जिलेटिन पातळ होई आणि मेहनत वाहून जाई. त्यांची पत्नी फॅनी हेसे नवऱ्याला कामात मदत करायची. तिच्या जेल्या मात्र उन्हाळ्यातही टिकत, कारण ती अ‍ॅगार वापरायची. ही युक्ती तिला पूर्वी जावात राहिलेल्या शेजाऱ्यांकडून कळली होती. अ‍ॅगार एकदा गोठलं की साधारण ८५ अंशांपर्यंत वितळत नाही. परभणीच्या मे महिन्यालाही ते पुरून उरेल. कॉखनी पुढच्या वर्षी आपल्या लिखाणात अ‍ॅगारचा उल्लेख केला. हेसे नवरा-बायकोचा केला नाही. कोटेशन कुणाचं आणि सही कुणाची, हा प्रश्न बर्लिनमध्येही होता तर.

जेलीतून वीज सोडण्याची कथाही अशीच. आर्ने टिसेलियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९३७ मध्ये रक्तातली प्रथिनं विजेने वेगळी करून दाखवली, १९४८ चं नोबेलही मिळवलं. पण त्याचं यंत्र खोली अडवणारं आणि द्रवात चालणारं, जेली नव्हतीच. पुढे टोरांटोत ऑलिव्हर स्मिथीज नावाच्या तरुणाला पैसे आणि माणसं दोन्ही वाचवून हेच काम करायचं होतं. त्याला लहानपणची आठवण झाली: आई वडिलांच्या शर्टांना खळ करायची आणि उरलेली खळ गार झाली की तिची जेली व्हायची. १९५५ मध्ये त्याने स्टार्चच्या जेलीवर प्रथिनं धाववली. सरांनी ही गोष्ट सांगितली तेव्हा मामांनी आपल्या कडक टोपीला हात लावला. ते घरी स्वतः खळ करतात. "मंग आमाला कुणी काही दिलं नाही," एवढंच म्हणाले.

जेलीला खाचा पाडायला फणी लागते. आठवीतल्या एका मुलीने घरून खरोखरची आणली, ऊ-लिखांची. तिच्या दातांत केसही मावत नाही, तिथे नमुना काय मावणार? शिवाय तिच्या आजीचा दुपारीच फोन आला. शेवटी बाद झालेलं एटीएम कार्ड कात्रीने कातरून त्याला सहा दात ठेवले. नमुना भरायला मायक्रोपिपेटऐवजी इन्सुलिनची सिरिंज. मराठवाड्यात ती निम्म्या घरांत आजोबांच्या नावे असतेच. मेडिकलमधून नवीन घेतली आणि सुई तोडून टाकली, टोकाला बारीक नळी बसवली. लाल टोपणाच्या चाळीस युनिटवाल्या सिरिंजवर एक युनिट म्हणजे २५ मायक्रोलिटर. आमच्या खाचेला त्याहून थोडं कमीच पुरतं. नमुना पाण्यात पसरू नये, खाचेत तळाशी बसावा म्हणून त्यात ग्लिसरीनचा थेंब. ते थंडीत टाचांना लावायचं उरलेलं.

आता नमुना. पोरांनी तो हॉटेलातून आणला. बिल दिल्यावर वाटीत येते ती रंगीत बडीशेप, साखरेच्या कवचाची. रंगवार वेचून, चार-चार थेंब पाण्यात हलवून, आतली बडीशेप पांढरी पडायच्या आत पाणी काढून घेतलं. हिरवी, केशरी, गुलाबी. उरलेली पुरावा म्हणून ठेवायची होती, पण पुरावा मधल्या सुट्टीत संपला.

पहिल्या दिवशी बॅटऱ्या जोडल्या, दोन्ही कांड्यांना बुडबुडे आले, टाळ्या झाल्या, आणि रंग खाचेतून निघून जेलीत शिरायच्या ऐवजी मागच्या मागे डब्यात उतरला. तारा उलट्या लागल्या होत्या. दोन्ही एकाच रंगाच्या, कारण एकाच वेटोळ्यातल्या. त्या आठवीतल्या मुलीने मात्र तेवढ्यात एक गोष्ट हेरली होती: एका कांडीला बुडबुडे जास्त आहेत. सर खूश. पाण्याचं विघटन होताना ऋणाग्राला हायड्रोजन सुटतो, धनाग्राच्या ऑक्सिजनच्या दुप्पट. म्हणजे जिकडे फेस जास्त तिकडे खाचा हव्यात. तेव्हापासून आमच्याकडे तारांचा रंग कुणी बघत नाही, फेस बघतात.

दुसऱ्या दिवशी रंग योग्य दिशेला निघाले आणि खरी अडचण समोर आली. तासिका पस्तीस मिनिटांची. हजेरी, 'आत येऊ का', डबा मांडणे, खाचा भरणे यांत वीस गेली. ४५ व्होल्टवर रंग तासाला दोन-अडीच सेंटिमीटर सरकतो. मामांनी वेळेवर घंटा दिली तेव्हा हिरव्या ठिपक्याच्या पुढच्या कडेला पिवळसरपणा आहे की नाही यावर वर्गात दोन तट पडले होते. पुढचा तास माझा होता, समासांचा. पस्तीस चेहरे माझ्याकडे वळले. मी चहा संपवला आणि द्वंद्व समास उद्यावर ढकलला.

त्या तासात हिरवा फुटला. आधी पुढची कड पिवळी झाली, मग मागची निळी, मधला हिरवा आकसत गेला आणि शेवटी दोन स्वच्छ पट्टे राहिले, पिवळा पुढे, निळा मागे. टार्ट्राझीन आणि ब्रिलियंट ब्लू; पाकिटबंद खाऊच्या मागे बारीक अक्षरांत १०२ आणि १३३ लिहिलेले असतात ते हेच. पिवळा पुढे का, हे सरांनी लग्नातल्या बुफेवरून समजावलं. जेली म्हणजे गुलाबजामच्या टेबलाभोवतीची गर्दी. रेणूवरचा प्रभार ही भूक आणि त्याचा आकार ही ढेरी. टार्ट्राझीनला तीन ऋण प्रभार आणि अंग सडपातळ, तो कोपरं मारत पोचतो. ब्रिलियंट ब्लू अंगाने मोठा, त्याची भूकही कमी. तो वाटेत नातेवाइकांशी बोलत राहतो. वर्गाने एकमुखाने माझ्याकडे का पाहिलं ते कळलं नाही.

केशरी एकसंध राहिला. गुलाबी जागचा जरासा हलला आणि पसरट डाग होऊन बसला, कारण चायना ग्रासमध्ये अ‍ॅगारोजच्या जोडीला अ‍ॅगारोपेक्टिन असतं, प्रभार असलेलं, ते रेघा फिसकटवतं. शुद्ध अ‍ॅगारोजला पैसे पडतात ते ही कटकट काढून टाकण्याचे. स्वस्तात किती मिळतं आणि कुठे थांबतं, हे त्या गुलाबी डागाने कुठल्याही कॅटलॉगपेक्षा चोख सांगितलं. मला तरी तो डागच जास्त आवडला.

डीएनएचंही करून झालं. केळं कुस्करून, भांडी घासायचं लिक्विड आणि मीठ घालून, गाळून, वरून थंडगार स्पिरिट सोडलं की पांढरे तंतू काडीला गुंडाळून निघतात. ते खाचेत भरले, दोन तास वीज दिली, मग गालाच्या पेशी रंगवायला शाळेत असतं ते मेथिलीन ब्लू ओतलं. डीएनए खाचेतच बसून होता. त्याचे रेणू फार लांबलचक. विकरांनी तुकडे केल्याशिवाय ते जाळीत शिरत नाहीत, आणि ती विकरं उणे वीस अंशांत ठेवावी लागतात. आमच्या गावात तेवढी थंडी फक्त कुल्फीवाल्याकडे. मुलं हिरमुसली. सरांनी सांगितलं की लेस्टरमध्ये अ‍ॅलेक जेफ्रीज यांना १९८४ च्या सप्टेंबरात पहिल्यांदा ते पट्टे एक्स-रेच्या फिल्मवर दिसले, तेव्हा त्यामागेही कित्येक दिवसांचं काम होतं. मागून कुणीतरी म्हणालं, "साळुंखे फेकतोय मग."

पण रंगांची बातमी गावभर गेली होती. बर्फगोळ्याचं काला खट्टा आलं, पिशवीतली पेप्सी आली, कुणाच्या बहिणीच्या वाढदिवसाच्या केकवरचं गुलाबाचं फूल आलं. एकाच हिरव्याचे कुठे दोन पट्टे, कुठे एकच, कारण फास्ट ग्रीन नावाचा सुटा हिरवाही आपल्याकडे चालतो. वह्यांत चित्रं निघाली, दुकानवार. मग एक मुलगा बसस्टँडजवळच्या दुकानातली जिलेबी घेऊन आला. तिचा पिवळा टार्ट्राझीनच्या बरोबर धावेना, मागेच रेंगाळला. मेटॅनिल यलो हा बंदी असलेला रंग असाच मागे राहील, त्याला एकच ऋण प्रभार, असं सर बोलून गेले. आणि लगेच म्हणाले की, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, दुसराही रंग असू शकतो, खात्री करायला अन्न प्रयोगशाळा असते. हे दुसरं वाक्य वर्गाबाहेर पोचलं नाही. पहिलं पोचलं. दुकान संस्थेच्या सचिवांच्या साडूंचं.

तिसऱ्या तासाला मुख्याध्यापक प्रयोगशाळेत आले. त्यांनी डबा पाहिला, बॅटऱ्या पाहिल्या, विज्ञानाच्या प्रसाराबद्दल चार शब्द चांगले बोलले आणि 'फक्त चहा'च्या बीकरकडे दुर्लक्ष केलं, यावरून प्रकरण गंभीर आहे हे आम्ही ओळखलं. दुपारी मामा सूचनावही घेऊन वर्गावर्गांतून फिरले: 'सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की, प्रयोगशाळेत गावातील मिठाई आणू नये. प्रयोगासाठी परगावची मिठाई वापरावी.' खाली आम्हा सगळ्या शिक्षकांच्या सह्या.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाकावरच्या त्या मुलीने हात वर केला. "सर, सेलू परगाव धरायचं का?"